हौशी रॉकेटविद्येतील उच्चशक्ती प्रमाणन : उगम, विकास आणि तृतीय स्तराची परीक्षा

प्रस्तावना

विसाव्या शतकातील रॉकेटचा इतिहास प्रामुख्याने राष्ट्रांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. महायुद्ध, शीतयुद्ध, चांद्रमोहीम आणि उपग्रह या क्रमाने तो सांगितला जातो. या मुख्य प्रवाहाला समांतर असा हौशी रॉकेटकारांचा एक प्रवाह वाहत राहिला, त्याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. अमेरिकेत आज शिक्षक, यंत्रकारागीर, संगणक अभियंता किंवा निवृत्त कर्मचारी स्वतःच्या घरी बांधलेले, पुरुषभर उंचीहून मोठे रॉकेट कायदेशीर रीतीने कित्येक किलोमीटर उंचीवर पाठवू शकतो. त्यासाठी त्याला तीन स्तरांचे प्रमाणपत्र क्रमाक्रमाने मिळवावे लागते. त्यांतील तिसरा स्तर सर्वांत कठीण मानला जातो.

ही प्रमाणनपद्धती कशी निर्माण झाली, तिसऱ्या स्तराची परीक्षा नेमकी कशाची असते आणि या पद्धतीचे ऐतिहासिक महत्त्व काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सामान्यतः हे प्रमाणपत्र सामर्थ्याचे द्योतक समजले जाते. प्रत्यक्षात त्याचा उगम सामर्थ्याच्या स्पर्धेत नसून विश्वासाच्या प्रश्नात आहे. घातक ठरू शकणारे साधन सामान्य नागरिकाच्या हाती द्यावे की नाही, आणि द्यावयाचे तर कोणाच्या हमीवर, या प्रश्नाला एका छंदाने दिलेले ते उत्तर आहे.

पार्श्वभूमी : प्रयोग आणि अपघात

आधुनिक रॉकेटविद्येचा आरंभ हौशी आणि अर्धहौशी प्रयोगांतूनच झाला. १६ मार्च १९२६ रोजी रॉबर्ट गोडार्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे द्रवइंधनावरील पहिले रॉकेट उडविले. ते सुमारे अडीच सेकंद हवेत राहिले व सुमारे साडेबारा मीटर उंची गाठून एका शेतात कोसळले. १९२७ मध्ये जर्मनीत अवकाशप्रवासाचा ध्यास घेतलेल्या मंडळींनी एक संस्था स्थापन केली. १९३० मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या अमेरिकन इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९३४ मध्ये अमेरिकन रॉकेट सोसायटी असे नाव धारण केले. दुसऱ्या महायुद्धाने मात्र हे क्षेत्र हौशी मंडळींकडून काढून घेऊन लष्कराच्या स्वाधीन केले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुट्निक उपग्रह सोडला आणि अमेरिकेतील तरुण पिढी रॉकेटकडे पुन्हा ओढली गेली. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड या खाणगावातील होमर हिकम आणि त्यांच्या मित्रांची कथा पुढे पुस्तक (१९९८) व चित्रपट (१९९९) यांद्वारे जगभर पोहोचली. अशी यशोगाथा प्रत्येक गावात घडली नाही. जस्ताची पूड आणि गंधक यांचे मिश्रण धातूच्या नळीत ठासून भरणे, ही त्या काळातील मुलांची प्रचलित रीत होती. दिवाळीतील बाणाची कागदी नळी फुटली तर बहुधा आवाजावर निभावते. धातूची नळी फुटली तर तिचे तुकडे बॉम्बच्या तुकड्यांप्रमाणे उडतात. अशा प्रयोगांत अनेक मुले जायबंदी झाली आणि काहींना प्राण गमवावे लागले.

या संकटाला दोन प्रकारचे उत्तर दिले गेले. पहिले उत्तर शिस्तबद्ध प्रयोगाचे होते. अमेरिकी लष्करातील अधिकारी बर्ट्रँड ब्रिन्ले यांनी १९६० मध्ये हौशी रॉकेटकारांसाठी मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले व जाणत्या देखरेखीखाली प्रयोग करण्याचा मार्ग दाखविला. दुसरे उत्तर अधिक मूलगामी होते. धोक्याचा भाग, म्हणजे इंधन भरण्याचे काम, मुलांच्या हातून पूर्णपणे काढून घ्यावे, असे त्याचे स्वरूप होते. प्रमाणनाचा इतिहास या दुसऱ्या उत्तरापासून सुरू होतो.

मॉडेल रॉकेट आणि सुरक्षासंहितेचा जन्म

नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते. शोभेच्या दारूकामाची त्यांना आवड होती, तर त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींची. १९५४ मध्ये या बंधूंनी कागदी नळीचे, हलक्या लाकडाच्या पंखांचे आणि बदलता येणाऱ्या मोटरीचे एक छोटे रॉकेट तयार केले. उड्डाणाच्या शिखरावर त्यातून लहानसे पॅराशूट उघडत असे व तेच रॉकेट नवी मोटर घालून पुन्हा उडविता येत असे.

न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये रॉकेटक्षेत्रातील सुरक्षिततेविषयी एक लेख प्रसिद्ध केला होता. तो वाचून कार्लाइल यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. स्टाइन यांना या छोट्या रॉकेटमध्ये मुलांच्या अपघातांवरील उपाय दिसला. त्यांनी त्याच वर्षी एक उत्पादनसंस्था आणि पुढे नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या नावाने ओळखली गेलेली संघटना स्थापन केली. १९५८ मध्ये व्हर्नन एस्टेस यांनी मोटरी तयार करणारे स्वयंचलित यंत्र बनविले. त्यामुळे एकसारख्या दर्जाच्या स्वस्त मोटरी विपुल प्रमाणात मिळू लागल्या.

या चळवळीची सुरक्षासंहिता थोडक्या नियमांवर उभी होती. मोटर कारखान्यात बनलेलीच वापरावी. रॉकेटचे शरीर कागद, लाकूड वा प्लास्टिक अशा हलक्या पदार्थांचे असावे. प्रज्वलन दुरून विजेच्या साहाय्याने करावे. आणि रॉकेट सावकाश, सुरक्षितपणे खाली येण्याची व्यवस्था असलीच पाहिजे. यांपैकी अखेरचा नियम विशेष लक्षणीय आहे. युद्धातील क्षेपणास्त्र परत यावे अशी अपेक्षाच नसते. त्याच तंत्राला परतीची अट घालून त्याचे प्रयोजन बदलण्यात आले.

या चौकटीत गंभीर अभ्यासही झाला. जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये रॉकेटचे दाबकेंद्र गणिताने काढण्याची रीत संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात मांडली. वाऱ्याच्या दाबाचे केंद्र रॉकेटच्या गुरुत्वमध्याच्या मागे, निदान शरीराच्या व्यासाइतक्या अंतरावर असले तर रॉकेट सरळ जाते, हा संकेत या रीतीमुळे कागदावर तपासता येऊ लागला. पुढे उच्चशक्ती रॉकेटांच्या आराखड्यांची छाननी याच पायावर उभी राहिली.

उच्चशक्तीचा उदय

रॉकेटच्या मोटरी त्यांच्या एकूण आवेगानुसार, म्हणजे प्रणोद आणि ज्वलनकाळ यांच्या गुणाकारानुसार, इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांनी ओळखल्या जातात. 'ए' वर्गाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद आहे आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला ती दुप्पट होते. दुपटीचा हा हिशेब वरवर साधा वाटतो. पण 'एम' वर्गाची कमाल मर्यादा १०,२४० न्यूटन-सेकंद, म्हणजे 'ए' वर्गाच्या ४,०९६ पट भरते.

काळ्या दारूवर चालणाऱ्या मोटरींना आकाराची स्वाभाविक मर्यादा होती. ती अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि रबरासारखे बंधकद्रव्य यांपासून बनलेल्या संमिश्र प्रणोदकाने ओलांडली. मोठ्या अवकाशयानांच्या घन इंधनाच्या जातीचेच हे प्रणोदक हौशी क्षेत्रात उपलब्ध झाले आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॅलिफोर्निया व नेवाडा येथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर मोठी रॉकेटे उडू लागली. जुन्या सुरक्षासंहितेची वजनमर्यादा त्यांनी केव्हाच मागे टाकली होती.

१९८२ मध्ये ओहायो राज्यातील मेडिना येथे अशा रॉकेटांचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. त्याचे नाव 'लार्ज डेंजरस रॉकेट शिप्स', म्हणजे मोठी धोकादायक रॉकेट-जहाजे, असे गमतीने ठेवण्यात आले होते. पेनसिल्व्हेनियात १९६४ मध्ये शाळकरी विज्ञानमंडळ म्हणून सुरू झालेली ट्रायपोली ही संस्था १९८५ मध्ये उच्चशक्ती रॉकेटकारांची राष्ट्रीय संघटना म्हणून पुढे आली. आरंभी जुनी संघटना या नव्या प्रवाहाकडे साशंकतेने पाहत होती. तिची शंका निराधार म्हणता येणार नाही. पंचवीस वर्षे जपलेला सुरक्षिततेचा लौकिक एका मोठ्या अपघाताने धुळीस मिळाला असता. कालांतराने तिनेही उच्चशक्तीचा स्वीकार केला, परंतु पात्रता सिद्ध केल्यावाचून कोणाच्याही हाती अशी मोटर पडू नये, हे सूत्र दोन्ही संघटनांनी मान्य केले. १९९० च्या दशकात हे सूत्र राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या संहितेत समाविष्ट झाले आणि तीन स्तरांची प्रमाणनपद्धती स्थिर झाली.

तीन स्तरांची रचना

पहिल्या स्तरावर 'एच' व 'आय' वर्गाच्या, म्हणजे १६० ते ६४० न्यूटन-सेकंदांच्या मोटरी वापरता येतात. उमेदवाराने स्वतः बांधलेले रॉकेट साक्षीदारांसमोर उडवून सुखरूप परत आणावयाचे असते. दुसऱ्या स्तरावर 'जे', 'के' व 'एल' हे ५,१२० न्यूटन-सेकंदांपर्यंतचे वर्ग खुले होतात. येथे उड्डाणापूर्वी नियम, स्थिरता, मोटरींचे वर्गीकरण आणि सुरक्षित अंतरे यांवरील लेखी परीक्षा द्यावी लागते. तिसऱ्या स्तरावर 'एम', 'एन' व 'ओ' वर्गांच्या, ४०,९६० न्यूटन-सेकंदांपर्यंतच्या मोटरी वापरण्याचा अधिकार मिळतो.

तिन्ही स्तरांवर यशाचा निकष एकच आहे. रॉकेट किती उंच गेले किंवा किती वेगाने गेले, याला गुण नाहीत. पॅराशूट योग्य रीतीने उघडले पाहिजे, कोणताही भाग सुटा होऊन कोसळता कामा नये आणि परत आलेले रॉकेट केवळ नवी मोटर घालून पुन्हा उडविता येईल अशा अवस्थेत असले पाहिजे. डोळे दिपविणाऱ्या उड्डाणानंतर पॅराशूटच्या दोरीने रॉकेटची नळी उभी चिरली गेली असेल, तर ते उड्डाण अपयशी ठरते. मध्यम उंचीवर जाऊन शांतपणे शेतात उतरलेले रॉकेट मात्र उत्तीर्ण होते.

तृतीय स्तराची परीक्षा

तिसऱ्या स्तराची परीक्षा प्रक्षेपणाच्या दिवशी सुरू होत नाही. ती कित्येक महिने, काही वेळा वर्षभर आधी, कागदावर सुरू होते. दुसऱ्या स्तराचे प्रमाणपत्र असलेल्या उमेदवाराने प्रथम संघटनेने नेमलेल्या अनुभवी परीक्षकांशी संपर्क साधावयाचा असतो. ट्रायपोलीमध्ये या मंडळास तांत्रिक सल्लागार मंडळ म्हणतात व त्यातील दोन सदस्यांची संमती लागते. दुसऱ्या संघटनेत हेच काम तृतीय स्तर प्रमाणन समिती करते.

उमेदवार आराखडा, वापरलेल्या साहित्याची यादी, दाबकेंद्र व गुरुत्वमध्य यांची गणिते, अपेक्षित उंची व वेग, परतीच्या यंत्रणेचे विद्युत्-आरेखन आणि प्रक्षेपणदिनाच्या कामांची क्रमवार तपासयादी सादर करतो. बांधणीच्या टप्प्यांची छायाचित्रे जतन केली जातात, कारण पंखांचे आतील सांधे कसे जोडले हे काम पूर्ण झाल्यावर दिसत नाही. परीक्षक प्रश्न विचारतात, त्रुटी दाखवितात आणि प्रसंगी आराखडा बदलावयास लावतात.

या परीक्षेचा गाभा परतीच्या यंत्रणेत आहे. लहान रॉकेटमध्ये मोटरीतच असलेला विलंबी स्फोटभार पॅराशूट बाहेर ढकलतो. मोठ्या रॉकेटच्या बाबतीत एवढ्यावर विसंबणे धोक्याचे असते. म्हणून हवेचा दाब मोजून उंची ठरविणारे दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक उंचीमापक बसवावे लागतात. प्रत्येकाची विद्युत्‌घटमाला वेगळी, कळ वेगळी आणि पॅराशूट बाहेर ढकलणारा दारूचा भारही वेगळा असतो. शिखरावर एक लहान पॅराशूट उघडते व रॉकेट बऱ्याच वेगाने पण नियंत्रित रीतीने खाली येते. जमिनीपासून काही शे मीटरांवर मोठे पॅराशूट उघडते, म्हणजे रॉकेट वाऱ्याबरोबर मैलोगणती भरकटत नाही. एक यंत्रणा निकामी झाली तरी दुसरीने काम केलेच पाहिजे, हा त्यामागील विचार आहे. आपल्या हातून चूक होऊ शकते हे गृहीत धरून रचना करणे, ही शिकवण या पातळीवर अनिवार्य होते.

प्रक्षेपणस्थळीचे नियमही शक्तीनुसार कडक होत जातात. एका 'एम' मोटरीसाठी माणसांनी किमान ५०० फूट आणि 'ओ' मोटरीसाठी १,५०० फूट दूर राहावे लागते. वाऱ्याचा वेग ताशी २० मैलांहून अधिक असेल तर उड्डाण करता येत नाही. रॉकेटचे वजन मोटरीच्या सरासरी प्रणोदाच्या एक तृतीयांशाहून अधिक असता कामा नये. हवाई वाहतूक नियंत्रण करणाऱ्या केंद्रीय प्रशासनाची पूर्वपरवानगी असल्याखेरीज मैदानच सुरू होत नाही. प्रक्षेपणापूर्वी स्थळावरील सुरक्षा अधिकारी रॉकेट पुन्हा तपासतो. त्याचा नकार अंतिम असतो, मग उमेदवाराने वर्षभर परिश्रम केलेले का असेनात.

उड्डाण स्वतः अवघ्या काही मिनिटांचे असते. मोटर बहुधा काही सेकंदांतच जळून संपते. त्यानंतर उमेदवाराच्या हाती काहीही राहत नाही. मागील महिन्यांत केलेल्या प्रत्येक जोडणीची आणि प्रत्येक तपासणीची परीक्षा त्याच्या नजरेसमोर, पण त्याच्या हस्तक्षेपाविना होते. परीक्षकाने उतरलेल्या रॉकेटची पाहणी करून स्वाक्षरी केल्यावर हा स्तर पूर्ण होतो.

न्यायालयीन संघर्ष आणि प्रमाणपत्राचे वाढलेले मोल

प्रमाणनपद्धती अंतर्गत शिस्त म्हणून विकसित होत असतानाच तिच्यापुढे बाह्य आव्हान उभे राहिले. अमेरिकेतील १९७० च्या कायद्यान्वये स्फोटक पदार्थांच्या नियंत्रणाचे अधिकार मद्य, तंबाखू, अग्निशस्त्रे व स्फोटके यांसंबंधीच्या केंद्रीय यंत्रणेकडे होते. तिच्या स्फोटकांच्या यादीत अमोनियम परक्लोरेटयुक्त संमिश्र प्रणोदकाचाही समावेश होता. त्यामुळे मोठ्या मोटरी बाळगण्यासाठी केंद्रीय परवाना आणि विशिष्ट प्रकारची साठवणव्यवस्था आवश्यक ठरत होती. २००० मध्ये दोन्ही रॉकेट संघटनांनी एकत्रितपणे या यंत्रणेविरुद्ध दावा दाखल केला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर स्फोटकांविषयीचे कायदे अधिक कठोर झाले आणि हौशी रॉकेटकारांची चिंता वाढली.

वादाचा मुद्दा शास्त्रीय होता. हे प्रणोदक स्फोट पावते, की केवळ जळते? नियंत्रक यंत्रणेच्या मते त्याचे ज्वलन साध्या ज्वलनापेक्षा निराळ्या, तीव्र प्रकारात मोडत होते. १० फेब्रुवारी २००६ रोजी वॉशिंग्टन येथील केंद्रीय अपील न्यायालयाने, ही सीमारेषा कोठे व कोणत्या निकषावर आखली याचे पुरेसे स्पष्टीकरण यंत्रणेने दिलेले नाही, असे ठरवून प्रकरण परत पाठविले. अखेर १६ मार्च २००९ रोजी जिल्हा न्यायालयाने संघटनांच्या बाजूने निर्णय दिला व हे प्रणोदक स्फोटकांच्या यादीतून वगळले गेले. गोडार्ड यांच्या पहिल्या उड्डाणास त्या दिवशी ८३ वर्षे पूर्ण होत होती, हा केवळ योगायोग होय.

या निर्णयाकडे बंधनमुक्ती म्हणून पाहिले गेले. तथापि त्याचा एक परिणाम याहून महत्त्वाचा मानावा लागेल. केंद्रीय परवान्याची अट गेल्यावर मोठी मोटर आणि खरेदीदार यांच्या मध्ये उभा असलेला मुख्य दरवाजा म्हणजे संघटनेचे प्रमाणपत्रच उरले. विक्रेता प्रमाणपत्र पाहून मोटर देतो आणि जमीनमालक संघटनेच्या विम्याच्या भरवशावर मैदान देतो. शासनाने एक पाऊल मागे घेतले, तेवढा भार परीक्षकाच्या स्वाक्षरीवर आला. न्यायालयात जिंकलेले स्वातंत्र्य मैदानावर रोज सिद्ध करावे लागते, अशी ही स्थिती आहे.

मूल्यमापन

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच छंदाचे सदस्य असल्याने ही परीक्षा घरच्या घरी घेतलेली ठरते. या आक्षेपात तथ्य आहे; परंतु शेजारच्या उमेदवाराचे रॉकेट बिघडून कोसळले तर मैदान, विमा आणि परवानगी सर्वांचीच जाते. त्यामुळे परीक्षकाला सौजन्यापेक्षा कठोरपणा अधिक हिताचा असतो. दुसरा आक्षेप असा की, कागदपत्रे आणि पायऱ्या यांमुळे मूळच्या प्रयोगशीलतेला आळा बसतो. इतिहास याला पूर्णतः दुजोरा देत नाही. २५ एप्रिल २००९ रोजी मेरिलँड राज्यात सॅटर्न-५ रॉकेटची एक दशांश आकाराची, ३६ फूट उंच व १,६४८ पौंड वजनाची प्रतिकृती यशस्वीपणे उडविण्यात आली व ती पॅराशूटच्या साहाय्याने उतरली. त्यापूर्वी १७ मे २००४ रोजी एका हौशी चमूचे रॉकेट नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटातून निघून १०० किलोमीटरची सीमा ओलांडून अवकाशात पोहोचले होते. २०१९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीही ती सीमा पार केली. अशी उड्डाणे तिसऱ्या स्तराच्या मर्यादेपलीकडची असून त्यांना स्वतंत्र परवानग्या लागतात. तरीही त्यांना ज्या वातावरणात मैदाने आणि परवानग्या मिळू शकल्या, ते वातावरण शिस्तबद्ध उड्डाणांच्या दीर्घ परंपरेने घडविले, हे नाकारता येत नाही. ब्रिटन व कॅनडा येथेही अशाच पायऱ्यांच्या पद्धती स्वीकारल्या गेल्या आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. उच्चशक्ती रॉकेटविद्येतील प्रमाणन शासनाने वरून लादलेले नाही. १९५७ नंतरच्या अपघातांतून धडा घेऊन एका समुदायाने ते स्वतःवर घालून घेतले. त्याचा मूळ निकष 'वर जाणे' हा नसून 'सुखरूप परत येणे' हा आहे. छोट्या कागदी रॉकेटापासून 'ओ' वर्गापर्यंत मोटरींची शक्ती हजारो पटींनी वाढली, तरी हा निकष बदललेला नाही. तिसऱ्या स्तराने त्यात आणखी एक अट मिळविली. स्वतःच्या कामाची दुसऱ्याकडून छाननी करून घेण्याची आणि स्वतःच्या चुकीची आगाऊ तरतूद करण्याची तयारी उमेदवाराने दाखविली पाहिजे. २००९ च्या निर्णयानंतर या अटीला केवळ छंदापुरते महत्त्व राहिलेले नाही. धोकादायक ज्ञान नागरिकांच्या हाती राहू द्यावयाचे असेल, तर त्याची राखण नागरिकांनीच किती प्रामाणिकपणे करावी लागते, याचे हा इतिहास एक बोलके उदाहरण आहे.